विल्डा आत, मी बाहेर

४ ऑगस्ट २००३, सोमवार

आज नणंदबाई आल्या. ऑरिनची मोठी बहीण विल्डा. पस्तीस वर्षांत तिनं या अंगणात दोनदाच पाऊल टाकलं, एकदा तिच्या वडिलांच्या मयताला आणि एकदा गेल्या नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याच्या. आज आली ती मला न विचारताच मागे गेली, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "बापाच्या वस्तूची काय दशा करून ठेवलीय तुम्ही."

"बाप तुझाही होता," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत एकदा फडकं मारायला आली होतीस का?"

"बोलावलं होतंस?"

अशी सुरुवात. गाडीमागे ओढायचं हे ॲल्युमिनियमचं घर सासऱ्यांनी १९६१ साली घेतलं आणि कागदावर दोन्ही मुलांची नावं घातली. ऑरिनचा अर्धा आता माझा, उरलेला अर्धा हिचा. अर्धा ट्रेलर कुठं नेता येत नाही, म्हणून हिच्या तोंडी लागणं आलं. मला तो डोंगरांपलीकडे ऑरेगनला न्यायचाय, माझ्या लेकीच्या, जनेलच्या अंगणात उभा करायचाय आणि उरलेलं आयुष्य विचिटा गावाचं तोंड न बघता काढायचंय. डोंगरात बर्फ पडायच्या आत निघायला हवं, म्हणजे फार तर ऑक्टोबरअखेर.

ट्रेलरची आतली जमीन कुजली होती, ती मी जुलैमध्ये एकटीनं बदलली. उजव्या बाजूचे पत्रेही गेले होते, ते उतरवून नवे कापून ठेवलेत. पण ते बसवायला दोन माणसं लागतात. बाहेरची हवेच्या गननं रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची खिळी, ठोकते आणि आतली त्याच्या शेपटीला लोखंडी ठोकळा दाबून धरते. एकट्यानं लावायचे रिव्हेटही मिळतात. पलीकडच्या गल्लीतल्या गड्यानं तेच लावलेत आणि पाऊस आला की त्याच्या पलंगावर तळं साचतं. मी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं विमानं ठोकली. तसलं काम माझ्या हातून व्हायचं नाही.

ठोकळा धरणाऱ्या बायका या गावात हव्या तेवढ्या मिळतील. पण तिचा अर्धा माझ्या नावावर करायच्या सहीसाठी विल्डाची अट एकच आहे, ठोकळा मीच धरणार. का, ते सांगत नाही. मला छळायला, दुसरं काय.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी नेहमीप्रमाणे कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींबरोबर न्याहारी. दर गुरुवारी सात वाजता, कोपऱ्यातलं लांब टेबल, आम्ही अकराजणी. विल्डा येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. डॉर्था म्हणाली, "आणि तू तिला घरात घेणार?" फर्ननं मान हलवली.

विल्डा या टेबलाशी कधीच बसली नाही. बसायची सोयच तिनं ठेवली नाही. १९६८ च्या मार्चमध्ये आम्ही दोघी एकाच पंखावर होतो, मी बाहेर गनवर, ती आत ठोकळ्यावर. रिव्हेट झाला की आतलीनं पत्र्यावर टकटक करायची. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे अजून मार, तीनदा म्हणजे खराब झाला, काढून टाक. त्या दिवशी एका रांगेतले अकरा खराब निघाले. तपासनिसानं पंख अडवला. ही म्हणाली, मी प्रत्येक वेळी तीनदा वाजवलं होतं. मी म्हटलं, एकदाच वाजवलं. मुकादम स्टकीनं माझं खरं मानलं. विल्डाला रांगेवरून काढलं आणि हत्यारं वाटायच्या खिडकीत बसवलं. तिथं चोवीस वर्षं बसून ती निवृत्त झाली. चूक कबूल केली असती तर वर्षभरात परत आली असती. पण तो ताठा बघा.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिला पत्रा. साठ रिव्हेट मारले, एकोणीस खराब.

कारण विचारू नका. म्हणजे विचाराच. ही आतून एकदा वाजवते, मी पुढच्यावर जाते आणि मग ही बाहेर येऊन म्हणते की मी तीनदा वाजवलं. तोच खेळ, तीच माणसं, फक्त गुडघे म्हातारे झालेत.

मी म्हटलं, "विल्डा, एकदा माझं नाव खराब करायचा प्रयत्न केलास. आता माझा ट्रेलर?"

ती घाम पुसत माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, बाजारात जनावर बघतात तशी. मग आत गेली.

दुपारी बारा वाजता ती दोन्ही कान झाकून अंगणात उभी. मी विचारलं, काय झालं. तिनं बोट वर केलं. "वादळाचा भोंगा. सोमवार आहे." पूर्वी दर सोमवारी बाराला चाचणीसाठी वाजवायचे, पण हल्ली तो भोंगा वाजवायचाच बंद केलाय, किती महिने झाले. नाटकं करायला हिला कुणी शिकवायला नको.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

विल्डा तासभर उशिरा आली आणि वर म्हणते, "दारावर वाजवून वाजवून हात दुखला." मी स्वयंपाकघरातच होते, दारापासून दहा पावलांवर. खोटं बोलताना पापणीही लवत नाही.

डबा मात्र घेऊन आली होती. कोबी-खिमा भरलेले पाव, सासूबाई करायच्या तसले. मला एकही दिला नाही. पायरीवर बसून तीन खाल्ले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तिची एक नवी खोड. माझ्या पाठीमागे येऊन उभी राहते. मी वळले की तिचे ओठ नुकतेच मिटलेले असतात. "काय?" म्हटलं की म्हणते, "काही नाही." आज पाच वेळा झालं. वय झालं की माणसं स्वतःशी बोलायला लागतात. समोरून बोलते तेव्हा मात्र गुरं हाकल्यासारखी ओरडते. मी सांगितलं, मी काही शेतात उभी नाहीये. तर हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

आज पंधरा खराब.

२ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी जनेलचा फोन आला होता. तिकडच्या लाईनीवर कायम कापूस कोंबल्यासारखा आवाज येतो. अर्ध्या गोष्टी कळल्या नाहीत, पण एक कळली. "आई, कान तपासून घे."

माझे कान. कारखान्यात दर वर्षी तपासणी व्हायची आणि दर वर्षी माझे पैकीच्या पैकी. नर्स टिबेट्सबाई कानाला डबे लावायची, बाजूला बसून बटण फिरवायची, आवाज आला की आपण हात वर करायचा. बाकीच्या बायका घाबरायच्या, कारण कान गेले की गन जायची आणि गनबरोबर वरचा हुद्दा जायचा. मी नाही घाबरले. समोरच्या खिडकीच्या काचेत टिबेट्सबाईचं मनगट दिसायचं. मनगट वळलं की मी हात वर. एवढी साधी युक्ती त्या बावळटांना सुचली नाही. ६८ साली स्टकीनं तोच कागद मागवून विल्डाच्या पुढ्यात आपटला होता. हिचे कान शंभर टक्के आहेत, म्हणाला, आता बोल. तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आता बरं चाललंय. विल्डानं वाजवायचं बंद केलंय. रिव्हेट बिघडला की सरळ बाहेर येते, बोट ठेवते, आत जाते. प्रत्येक वेळी पायरी चढ-उतर. एकोणसत्तर वर्षांची बाई दिवसात चाळीस वेळा ते करते आणि एक शब्द बोलत नाही. वाजवलं तर पकडली जाईल, हे तिला कळलेलं दिसतंय.

तिचं काम चांगलं आहे, हे लिहून ठेवते. ठोकळा कुठं धरायचा ते तिला अजून शोधावं लागत नाही. रिव्हेटची शेपटी बघितली, कशी गोल आणि सपाट बसते. हे तिला कधीच सांगणार नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शेगडीच्या गॅसची नळी नवीन टाकली. गॅस सोडायच्या आधी तिच्यात पंपानं नुसती हवा भरून बघतात, धरते की नाही. विल्डा म्हणाली, "मी हवा भरते, तू सांध्यांना कान लाव. कुठं सूं आवाज येतो का बघ." मी गुडघे टेकून एकेका सांध्याला कान लावला. चारही. ठणठणीत शांतता.

"एकदम पक्कं," मी म्हटलं.

"नक्की?"

"तुझ्यासारखं नाही माझं काम."

तिनं साबणाच्या पाण्याची वाटी आणली आणि शेगडीजवळच्या सांध्यावर ओतली. द्राक्षाएवढे बुडबुडे भराभर यायला लागले. ते मी बघत होते आणि मला तरीही काही ऐकू येत नव्हतं.

विल्डा माझ्यासमोर खाली बसली, तोंड माझ्या तोंडासमोर आणून. "तो सांधा मी सकाळी ढिला केला होता," ती म्हणाली. "दारात उभी होते तरी मला ऐकू येतंय. सापासारखा फुत्कारतोय. इथं गॅस असता तर ऑरेगनला तुझी राख गेली असती."

"तू मुद्दाम..."

"हो, मुद्दाम. महिनाभर तुझ्या पाठीमागे उभी राहून तुला शिव्या देतेय. इतक्या घाण शिव्या मी आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत. तू एकदाही वळली नाहीस. आर्डिथ, तू बहिरी आहेस. आणि आज झालेली नाहीस. ६८ सालीही तुला ऐकू येत नव्हतं."

मी तिला चालती हो म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. ती ठोकळा सोबत घेऊन गेली. ठोकळा माझा होता.

२० सप्टेंबर, शनिवार

फुत्कारत नव्हता. बुडबुडे साबण जास्त झाला म्हणूनही येतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

तो सांधा घट्ट केला. साबणाचं पाणी पुन्हा ओतलं, बुडबुडे आले नाहीत.

शेवटच्या पत्र्याच्या पाच रांगा राहिल्यात. दुसऱ्या बाईला बोलावून दोन रांगा मारून घेतल्या. तिचा ठोकळा घसरला आणि आतून पत्र्याला अंड्याएवढा पोचा आला. तिला घरी पाठवलं. तीन रांगा उरल्या. तिथं ताडपत्री बांधलीय, वाऱ्यानं फडफडत असणार.

असणार, असं मी लिहिलं. दोरी तुटेपर्यंत हलताना दिसतेय, पण आवाज नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

कानाच्या डॉक्टरकडे गेले. जनेलचं समाधान व्हावं म्हणून.

तिशीतला पोरगा होता. लहानशा बंद खोलीत बसवलं, कानाला डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, म्हणाला, आणि माझ्या पाठीमागच्या खोलीत गेला. भिंतीवर खिडकी नव्हती, काच नव्हती, राखाडी कापड तेवढं होतं. मी सगळीकडे बघितलं. दाराच्या कडीकडेसुद्धा बघितलं, चकचकीत असते म्हणून. किती वेळ मी त्याचं मनगट शोधत होते कोण जाणे. मग लक्षात आलं की मी काय करतेय.

बटण तीनदा दाबलं असेल, तेही अंदाजानं.

त्यानं कागद दाखवला. रेघ थोडी सरळ चालते आणि मग विहिरीत पडावी तशी खाली जाते. "कारखान्यात होतात?" त्यानं विचारलं. "रिव्हेट?" या गावात अशा रेघा तो रोज बघतो म्हणे. मी विचारलं, हे कधी झालं असेल. तो म्हणाला, हे एकदम होत नाही, आधी बारीक टकटक, टिकटिक असले आवाज जातात, बोलणं बरंच नंतर जातं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. "तुम्ही गन कधी हातात घेतलीत?"

"सत्तावन्न साली."

"मग पासष्टपर्यंत सुरुवात नक्की झाली असेल."

माणसाला पत्ता लागत नाही, म्हणाला. मी मनगट बघत होते. ज्याला ऐकू येतं त्याला मनगट बघावं लागत नाही. म्हणजे मला पत्ता होता. पंखाच्या बाबतीत मी मुद्दाम खोटं बोलले नाही, मला खरंच एकच टकटक ऐकू आली असेल किंवा एकही नाही. पण कानांच्या बाबतीत मी दर वर्षी खोटं बोलत होते आणि तो कागद त्यांनी तिच्या पुढ्यात आपटला तेव्हा मी तिथंच उभी होते. मला आनंद झाला होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

यंत्रं मिळाली, दोन्ही कानांना. फ्रिज इतका ओरडतो हे मला माहीत नव्हतं. ऑरिननं बिचाऱ्यानं तो कसा सहन केला. तोही कधीतरी म्हणाला होता की तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

विल्डाच्या घरी गेले. तिनं दार उघडलं पण आत घेतलं नाही. मी पायरीवर उभ्यानंच सांगितलं, काचेचं, मनगटाचं, सगळं. शेवटी म्हटलं, "तू तीनदाच वाजवलं होतंस."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच वाजवलं होतं."

मला वाटलं रडेल, किंवा मारेल तरी. दोन्हींची माझी तयारी होती. ती चौकटीला टेकून उभी राहिली. "तुला ऐकू येत नसेल असं मला वाटायचं," म्हणाली. "पण कागद होता. माझ्या भावानंही मला खोटारडी म्हटलं. मग मलाच शंका यायला लागली, खरंच एकदाच वाजवलं की काय आपण. खिडकीत बसून नट-बोल्टचे पाने मोजायचे आणि तो दिवस आठवायचे. पस्तीस वर्षं. म्हणून ठोकळा धरायला आले. मला बघायचं होतं."

मी म्हटलं, माझा अर्धा ट्रेलर तू घे. सगळाच घे.

"मला तुझा पत्र्याचा डबा नकोय. गुरुवारी न्याहारीला सांग. त्या टेबलावर, सगळ्यांसमोर. मी येते ऐकायला. मग उरलेल्या रांगाही मारू आणि सहीही घे."

"विल्डा, त्या सगळ्या सत्तरीच्या आहेत. कुणाला आठवतंय आता ते."

"रस्त्यात मी दिसले की डॉर्था अजून फुटपाथ बदलते," ती म्हणाली आणि दार लावलं. कडी लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जाणार नाही. तीन रांगा त्या गळक्या रिव्हेटनी भरेन. सहीसाठी वकील बघेन. त्या टेबलाशिवाय मला या गावात आहे कोण? ऑरिन गेल्यावर महिनाभर त्या अकराजणींनी मला आळीपाळीनं जेवण आणून दिलं.

खरं म्हणजे दहाजणी. अकरावी मी.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुकानातून गळक्या रिव्हेटचं खोकं आणलं. तीन लावले आणि काढले.

विल्डाला जेवण कुणी आणून दिलं होतं? ऑरिन तिचाही भाऊ होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. विल्डा माझ्या आधी येऊन काउंटरशी उभी होती, चर्चचा निळा कोट घालून. टेबलावरच्या कुणीही तिला बस म्हटलं नाही. यंत्रं मी घरून निघतानाच काढून पर्समध्ये टाकली होती. त्या काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं.

मी बसूनच सांगितलं, बशीतल्या पावाकडे बघत. मला वाटतं सगळं सांगितलं. मान वर केली तर ओपलनं हात कानामागे धरलेला. डॉर्था शेजारणीला काहीतरी विचारत होती. फर्न मान हलवत होती, ती सगळ्यालाच हलवते. अकरापैकी आठजणींनी जन्मभर गन चालवलीय. एकीलाही धड ऐकू गेलं नव्हतं.

विल्डा माझ्याजवळ आली. समोर उभी राहून, ओठ नीट दिसतील असं विचारलं, "यंत्रं कुठायत?"

"पर्समध्ये."

"घाल."

"कशाला?"

"तू काय बोलतेस ते तुलाही ऐकू येऊ दे. आणि उभी राहा. डॉर्था त्या टोकाला बसलीय."

घातली. चमचे, बश्या, कॉफीचं मशीन, सगळं अंगावर आलं. उभी राहिले आणि ओरडून सांगितलं. विल्डानं तीनदा वाजवलं होतं. मला ऐकू येत नव्हतं. तपासणीत मी काचेत बघून हात वर करत होते. कागद खोटा होता, तो मी खोटा केला होता, विल्डा खरं बोलत होती. माझा आवाज इतका चिरका आहे हे मला माहीत नव्हतं. आतला स्वयंपाकीसुद्धा हात पुसत बाहेर आला. ओपल म्हणाली, "पुन्हा सांग, काचेत काय?" तेवढं पुन्हा सांगितलं.

मग डॉर्था उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती विल्डाकडे गेली, तिचा कोट काढायला मदत केली आणि तिला आपल्या शेजारी बसवलं. सगळ्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली. तेवढ्यात माझी बशी कुणीतरी टेबलाच्या टोकाला ढकलली, हळूच, कुणी ते बघत नव्हतं. पाव गार झाला होता. मी तो खाल्ला.

निघताना दारात विल्डानं ट्रेलरचा कागद मागितला. भिंतीवर धरून सही केली, पेन झाकलं आणि म्हणाली, "सोमवारी आठ वाजता येते. तीन रांगा, दुपारपर्यंत होतील. मंगळवारी तू निघायचं."

"एवढी काही घाई नाही," मी म्हटलं. "बर्फाला अजून अवकाश आहे."

"मला आहे घाई," ती म्हणाली, आणि आत टेबलाकडे परत गेली.